अमेरिकन कॉलेजची स्पोर्ट्स ऑफर आली की हिशोब कसा लावायचा

अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना मिळतं ते पुरेसं आहे का, यावर भांडायला लोकांना जाम मजा येते. एक म्हणतो फुकटात डिग्री मिळतेय, अजून काय पाहिजे, दुसरा म्हणतो अब्जावधींचा धंदा चाललाय आणि पोरांना नुसतं राबवून घेतात. दोघांचंही खरं आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या पोरांबद्दल बोलतायत. त्यामुळे सगळ्यांसाठी एकच उत्तर शोधत बसू नका, एक ऑफर समोर ठेवा आणि कागद-पेन घेऊन बसा, तासाभरात बऱ्यापैकी अंदाज येतो.

आधी पैसा कुठल्या वाटेने येतोय ते वेगळं करा. पहिली वाट जुनी, स्कॉलरशिप. दुसरी एनआयएल, म्हणजे स्वतःचं नाव, फोटो, ओळख वापरू देऊन जाहिरातीतून कमवायचं, याला एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, १ जुलै २०२१ पासून परवानगी दिली. तिसरी वाट सगळ्यात नवीन, कॉलेज स्वतःच्या कमाईतला वाटा थेट खेळाडूला देतं. ६ जून २०२५ ला जज क्लॉडिया विल्कन यांनी हाऊस केसमधल्या (खेळाडूंनी एनसीएएवर केलेला खटला) तडजोडीला मंजुरी दिली आणि १ जुलैपासून हे सुरू झालं, पहिल्या वर्षासाठी, म्हणजे २०२५-२६ साठी, एका कॉलेजची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. आकडा ऐकून भारावून जाऊ नका, यातला सिंहाचा वाटा बहुतेक ठिकाणी अमेरिकन फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलला जातो, आणि प्रत्येक कॉलेज यात सामील झालेलंही नाही. टेनिस, स्विमिंग, ट्रॅकवाल्यांनी तिसऱ्या वाटेचा रकाना सरळ शून्य धरावा, आलेच तर बोनस समजायचं.

आता स्कॉलरशिप. ‘फुल राइड’ हा शब्द कोच लोक फार सढळ हाताने वापरतात. खरी फुल म्हणजे ट्यूशन, फी, राहणं, जेवण, पुस्तकं, आणि वर प्रवास-किरकोळ खर्च धरून निघणारा ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’चा आकडा. प्रत्यक्षात बऱ्याच खेळांत टक्क्यांत तुकडे करून देतात. डिव्हिजन ३ मध्ये (एनसीएएच्या तीन पातळ्यांतली सगळ्यात खालची, १ सगळ्यात वरची) तर खेळावर स्कॉलरशिप नसतेच, हार्वर्ड-येलवाल्या आयव्ही लीगमध्येही नाही, तिथे जे काय मिळतं ते घरची परिस्थिती बघून.

मग खरा हिशोब. समजा (आकडे उदाहरणाचे आहेत हं) वर्षाचा एकूण खर्च ६०,००० डॉलर आणि ऑफर ४० टक्के, म्हणजे २४,०००. इथे लोक थांबतात आणि पेढे वाटतात. थांबू नका. तुमच्या मार्कांवर त्याच कॉलेजने १०,००० अशीही माफ केली असती का? केली असती तर खेळाच्या बदल्यात मिळाले फक्त १४,०००. आता खेळाचे तास धरा, आठवड्याला ३५ आणि वर्षाचे ४० आठवडे, झाले १,४०० तास. भागा. तासाला १० डॉलर. अमेरिकेतलं केंद्राचं किमान वेतन ७.२५ डॉलर आहे, तेव्हा अगदीच वाईट नाही, पण ‘फुकट डिग्री’ही नाही, आणि वरचे ३६,००० वर्षाला घरूनच जाणारेत हे विसरू नका.

३५ तास कुठून काढले म्हणाल, नियम तर २० चा आहे. हो, कागदावर सीझनमध्ये आठवड्याला २० तासच. पण मॅचचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच मोजतात, प्रवास मोजत नाहीत, फिजिओकडे घालवलेला वेळ मोजत नाहीत, आणि ‘ऐच्छिक’ जिम नावाचा एक प्रकार असतो तोही मोजत नाहीत, तो किती ऐच्छिक असतो ते टीममधल्या कुणालाही विचारा. म्हणून कोचला तास विचारू नका, सेकंड इयरच्या खेळाडूला गाठा आणि मागच्या मंगळवारी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते विचारा. असं विचारलं की खरं उत्तर येतं.

त्याच खेळाडूला अजून एक विचारा, टीममधले सीनियर कोणकोणत्या विषयात डिग्री करतायत. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो. लॅब दुपारी, प्रॅक्टिसही दुपारी, मग कोच प्रेमाने सुचवतो की इंजिनिअरिंग जरा जड जाईल रे, दुसरं काहीतरी बघ. मोबदला म्हणून डिग्री देतायत आणि ती कुठली घ्यायची ते टाइमटेबल ठरवणार असेल तर मोबदला निम्म्यावर आला समजा. अख्ख्या टीममध्ये एकही जण लॅबवाल्या विषयात नसेल तर तो योगायोग नसतो.

जेवणाचं आता बरं आहे. २०१४ मध्ये कनेक्टिकटचा शबाझ नेपियर, त्या वर्षीच्या बास्केटबॉल चॅम्पियन टीमचा स्टार, पत्रकारांना म्हणाला की कधी कधी रात्री उपाशी झोपतो, आणि त्याच महिन्यात डिव्हिजन १ च्या खेळाडूंना हवं तेवढं जेवण-नाश्ता द्यायला एनसीएएने मंजुरी दिली. त्याआधी बेगल (गोल कड्यासारखा पाव) स्नॅक म्हणून चालायचा पण वर क्रीम चीज लावलं की नियमभंग, असले नियम होते, हसावं की रडावं कळत नाही.

पुढची पायरी, तोंडी काहीही धरू नका. २०२४ मध्ये मॅथ्यू स्लूका नावाचा क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमधला मुख्य खेळाडू) टीमने पहिले तिन्ही सामने जिंकलेले असताना लास वेगासचं युएनएलव्ही सोडून गेला, त्याच्या बाजूचं म्हणणं होतं की १ लाख डॉलरचा शब्द दिला होता आणि तो पाळला नाही, कॉलेजने ते नाकारलं. कोण खरं ते सोडा, कागद असता तर ही वेळच आली नसती. आणि कागद असला तरी नीट वाचा, मध्येच कॉलेज बदललं तर पैसे परत करा असं कलम आहे का, करार एका वर्षाचा की जास्त, टीममधून काढलं तर काय. बाहेरच्या कंपनीचं एनआयएल डील ६०० डॉलर किंवा वर असेल तर ते ‘एनआयएल गो’ नावाच्या सिस्टीमवर टाकून पास करून घ्यावं लागतं, तिथे अडलं तर पैसे अडले.

दुखापतीचं आधी विचारायला लाज वाटते पण विचारा. डिव्हिजन १ मध्ये १ ऑगस्ट २०२४ पासून नियम असा आहे की खेळ घसरला किंवा दुखापत झाली म्हणून स्कॉलरशिप कापता येत नाही, आणि खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचार कॉलेज संपल्यावरही निदान दोन वर्षं कव्हर व्हायला पाहिजे. गुडघा मात्र दोन वर्षांत दुखायचा थांबत नाही, तेव्हा पुढचं काय तेही विचारा.

टॅक्स थोडक्यात: ट्यूशन-पुस्तकांची स्कॉलरशिप सहसा करमुक्त, राहण्या-जेवणाचा भाग टॅक्सेबल, एनआयएलच्या पैशातून सहसा आधी काही कापत नाहीत त्यामुळे बाजूला तुम्हीच काढून ठेवायचे.

आणि एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांनी इथे जरा जास्त लक्ष द्या. स्कॉलरशिप चालते, पण अमेरिकेत बसून जाहिरातीचं काम करून पैसे घेतले तर व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. केंटकी युनिव्हर्सिटीचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिबवे, मूळचा काँगोचा, त्याने २०२२ मध्ये टीम बहामासला गेली तेव्हा तिथे जाऊन एनआयएलची कामं उरकली, कारण ती अमेरिकेबाहेर करणं सुरक्षित होतं. शेजारच्या बेडवरचा पोरगा इन्स्टा पोस्टवर कमावतोय आणि तुम्हाला तेच करता येत नाही, तेव्हा कोचने एनआयएलचा आकडा ऑफरमध्ये घुसवला असेल तर तो आधी खोडा, मग इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिस आणि इमिग्रेशन वकिलाला विचारा.

आता फुटबॉल-बास्केटबॉलच्या वरच्या फळीतल्या पोरांचं, यांचा हिशोब तासावर लावून चालत नाही, इथे वाटा बघायचा. तो २ कोटी ५ लाखांचा आकडा मोठ्या कॉन्फरन्समधल्या (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचे गट) कॉलेजांच्या ठरावीक उत्पन्नाच्या सरासरी २२ टक्क्यांवरून काढलाय. एनबीए-एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूंना साधारण निम्मा मिळतो. मार्च मॅडनेसचे, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या वार्षिक स्पर्धेचे टीव्ही हक्क वर्षाला सरासरी १.१ अब्ज डॉलरचे आहेत, आणि २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने जिम्बो फिशर या कोचला काढून टाकायलाच ७.५ कोटी डॉलरच्या वर मोजायचं कबूल केलं. काम न करण्याचे एवढे. त्यामुळे या पोरांना अजूनही कमीच मिळतं असं मी म्हणेन, लाखात कमवत असले तरी.

शेवटी हे सगळं एका मेलमध्ये कोचला विचारा: स्कॉलरशिप नेमकी किती आणि किती वर्षांची, दुखापतीत काय, मला हवा तो विषय घेऊन सध्या टीममध्ये कोण खेळतंय, समर टर्मचे पैसे कोण देणार. कॉलवर बोलू म्हणाला तर बोला, पण नंतर ‘आपलं असं ठरलं’ म्हणून लिहून पाठवा आणि ‘हो’ असं उत्तर मागा. ते आलं नाही तर त्या कलमासमोर शून्य लिहून भागाकार परत करा.