अल्पाइन, रास्पबेरी पाय आणि रॅममध्ये विरलेले तेवीस दिवस

डिप्लोमा होऊन आठ महिने झाले होते. तासगाव भागातल्या बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान नोंदवणारा बॉक्स बसवायचा, हे माझं पहिलं एकटीनं केलेलं काम. आत रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा तळहाताहून लहान संगणक, चार डीएस१८बी२० सेन्सर आणि दर पाच मिनिटांनी एक नोंद. सुरुवातीला त्यावर नेहमीची रास्पबेरी पाय ओएस होती. तिकडे लाइट कधीही जाते, आणि कार्डावर लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाइल सिस्टिम अर्ध्यावर फाटते. दोन महिन्यांत दोन एसडी कार्डं गेली, तेव्हा मी अल्पाइन लिनक्स या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळले.

अल्पाइन २००५ पासून आहे. प्रोग्रॅमना लागणारी मूळ सी लायब्ररी म्हणून जीलिबसीच्या जागी मसल, सर्व्हिस सुरू करायला सिस्टमडीच्या जागी ओपनआरसी आणि बहुतेक रोजच्या कमांडसाठी एकटा बिझीबॉक्स, म्हणून ती एवढी लहान राहते. बिझीबॉक्सची सुरुवातच १९९५ मध्ये डेबियनच्या बूट फ्लॉपीवर सगळं मावावं म्हणून झाली होती. आपल्या कामाचा भाग मात्र वेगळा आहे, तिचा डिस्कलेस मोड. बूट होताना सगळी सिस्टिम कार्डावरून रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, येते आणि पुढे रॅममध्येच चालते. कार्ड फक्त वाचण्यापुरतं माउंट असतं. तारेला हिसका बसो की लाइट जावो, कार्डावर काही लिहिलंच जात नसल्यामुळे फाटायला काही नसतं. मला हेच हवं होतं.

आता माझी चूक सांगते. ही तुमच्याकडून होऊ नये म्हणूनच लिहायला बसले आहे, त्यामुळे थोडी लांबण लागेल.

सगळं रॅममध्ये असल्यामुळे तुम्ही केलेला बदलही रॅममध्येच असतो. तो टिकवायला एलबीयू या अल्पाइनच्या बॅकअप साधनाची 'एलबीयू कमिट' ही कमांड द्यावी लागते. मग तुमच्या बदलांची एक छोटी 'एपीकेओव्हीएल' फाइल कार्डावर तयार होते आणि पुढच्या बूटला ती रॅममध्ये उलगडली जाते. एवढं मला माहीत होतं, कमिट मी केलंही होतं. शेवटी जतन न झालेले बदल दाखवणारं 'एलबीयू स्टेटस' दिलं तर यादी रिकामी आली. मी निर्धास्त झाले आणि बॉक्स भिंतीवर लावून घरी आले.

मला माहीत नव्हतं ते हे, की एलबीयू आपण होऊन फक्त सेटिंग्जच्या ईटीसी डिरेक्टरीकडे बघतं. माझी पायथन स्क्रिप्ट यूएसआर-लोकल-बिन या दुसऱ्या डिरेक्टरीत होती, ती त्याच्या हिशेबात नव्हती. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे ईटीसीच्या आत असलेली इनिट-डी डिरेक्टरीसुद्धा एलबीयू सोडून देतं. तापमानाची सर्व्हिस सुरू करणारी माझी फाइल नेमकी तिथेच होती. आणि स्टेटसची ती रिकामी यादी? जिथे एलबीयू बघतं तिथलं सगळं जतन झालंय, एवढाच तिचा अर्थ. जिथे ते बघतच नाही, तिथल्या फायलींबद्दल स्टेटस एक अक्षरही सांगत नाही.

दरम्यान कार्डं जाऊ नयेत म्हणून मालकांनी बॉक्सला इन्व्हर्टरची लाइन दिली होती. त्यामुळे तेवीस दिवस बॉक्स एकदाही बंद पडला नाही. चोविसाव्या दिवशी इन्व्हर्टरची बॅटरी उतरली. लाइट आल्यावर बॉक्स पुन्हा उठला, होस्टनेम तेच, वायफाय जोडलेलं, पासवर्ड चालतोय, पिंगला उत्तर. ही सगळी माहिती ईटीसीत असते, म्हणून ती शाबूत होती. मी सांगलीत बसून दोन दिवस समजत राहिले की सगळं ठीक आहे. मालकांचा फोन आला, "ताई, आकडे हलंनात." जाऊन बघितलं तर स्क्रिप्ट नाही, सर्व्हिसची फाइल नाही, आणि तेवीस दिवसांच्या नोंदी मी व्हार-लिबमध्ये, म्हणजे रॅममध्येच, ठेवत होते. त्याही गेल्या. त्या नोंदी व्यापाऱ्याला दाखवायच्या होत्या. मालक एका शब्दानं बोलले नाहीत, चहा दिला. परतीच्या एसटीत मी रडले.

स्क्रिप्ट आणि इनिट-डीमधली तुमची फाइल, दोन्ही 'एलबीयू इन्क्लूड' देऊन पूर्ण पाथसकट यादीत घाला, मग कमिट करा. कमिटनंतर स्टेटसवर विसंबू नका. कार्डावरची एपीकेओव्हीएल म्हणजे साधी टार-जीझेड, म्हणजे एकत्र दाबून बांधलेली, फाइल असते, 'टार'नं तिच्यातली यादी उघडून आपल्या फायलींची नावं डोळ्यांनी वाचा. मग प्लगची पिन उपटा, पुन्हा लावून बूट होऊ द्या, आणि पाच मिनिटांनी नवी नोंद आली का बघा. रीबूट कमांड देऊन केलेली चाचणी मी चाचणी मानत नाही, शेतावर कुणी कमांड देऊन लाइट घालवत नाही.

नोंदींसाठी कार्डावर ईएक्सटी४ फाइल सिस्टिमचं वेगळं पार्टिशन करा. बूटच्या फॅट पार्टिशनवर रोज लिहू नका, त्याला जर्नल (लिहिणं अर्ध्यावर तुटलं तर सावरणारी नोंद) नसतं, आणि तेच बिघडलं तर बॉक्स उठणारच नाही. जमलं तर दर तासाला नोंदी बाहेरही पाठवा.

पॅकेजांचंही असंच आहे. 'सेटअप-एपीकेकॅश' देऊन कार्डावर पॅकेजांची कॅश, म्हणजे प्रत, ठेवली नाही, तर हव्या असलेल्या पॅकेजांच्या 'वर्ल्ड' फाइलमध्ये पायथनचं नाव राहतं पण बूटच्या वेळी पायथन मिळत नाही, कारण तेव्हा नेटवर्क अजून वर आलेलं नसतं. आणि होस्टनेम बदललंत तर एपीकेओव्हीएलचं नावही बदलतं, जुन्या नावाची काढून टाका.

हे वाचून घाबरू नका. अल्पाइन अवघड नाही. ईटीसीतल्या फायली उघडून वाचल्या की पुष्कळसं कळतं, आणि एका माणसाच्या डोक्यात मावेल एवढी लिनक्स आज फार कमी ठिकाणी उरली आहे. पहिल्या आठवड्यात फाइल समोर दिसत असूनही 'नॉट फाउंड' येईल. बहुतेक वेळा ती बायनरी जीलिबसीसाठी बांधलेली असते आणि तिला सुरू करणारा लोडर इथे नसतो, किंवा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश हे शेलचं नाव लिहिलेलं असतं आणि इथे फक्त अ‍ॅश असतं. पाय १ किंवा जुना पाय झीरो असेल तर अल्पाइनची 'आर्मएचएफ' आवृत्ती घ्या. हेच नाव डेबियनमध्ये एआरएमव्ही७ प्रोसेसरसाठी आहे, अल्पाइनमध्ये एआरएमव्ही६ साठी. माझी एक अख्खी संध्याकाळ या नावात गेली.

दुसऱ्याची तयार इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डाची प्रत, घेऊ नका. 'माझी इमेज डीडी कमांडनं कार्डावर उतरव, दहा मिनिटांचं काम' असं सांगणारे खूप भेटतात, आणि ते वाईट हेतूनं सांगत नाहीत. पण त्या इमेजमध्ये काय इन्क्लूड आहे आणि काय नाही हे फक्त त्यांना माहीत असतं, आणि रात्री फोन येतो तो तुम्हाला. सहा आठवड्यांत एम्बेडेड शिकवणाऱ्या क्लासबद्दलही माझं मत चांगलं नाही. मी एक केला. तिथे एलईडी लुकलुकवला, एकदाही पिन उपटली नाही.

मला शिकवलं आमच्या ऑफिसातल्या अण्णांनी. ते कधी कीबोर्डला हात लावत नाहीत. मागे उभे राहून विचारतात, "पिन काढलीस का?" त्या तेवीस दिवसांनंतर मला वाटलं होतं काम काढून घेतील. त्यांनी एवढंच म्हटलं, "आता तूच जाऊन बसव." असा माणूस मिळाला तर पगार थोडा कमी असला तरी तिथेच राहा, निदान पहिली दोन वर्षं.

पुण्यातल्या मुलाखतींत यॉक्टो हे स्वतःची लिनक्स बांधायचं साधन विचारतात, म्हणून बरेच जण थेट तिथून सुरुवात करतात आणि पहिला बिल्ड तासन् तास चाललेला, डिस्क भरत चाललेली बघून हाय खातात. आधी अल्पाइन, मग बिल्डरूट, मग यॉक्टो. बिल्डरूटमध्ये कर्नल आणि रूट फाइल सिस्टिम स्वतः बांधता, तेव्हा इनिट (बूटला सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) म्हणजे काय हे आधीच ठाऊक असेल तर खूप सोपं जातं.

बॉक्सचं बोलणं लॅपटॉपवर वाचायला यूएसबी-टीटीएल केबल घ्या, ३.३ व्होल्टची. ५ व्होल्टची पायच्या पिनांना लावू नका, चिप जाते. 'इनेबल यूएआरटी' ही सेटिंग एक करा आणि सिरियल कन्सोल ११५२०० या वेगावर उघडा. वायफाय न जोडलेला बॉक्स काय म्हणतोय हे दुसऱ्या कशानं कळत नाही.

आणि घड्याळ. झीरो २ डब्ल्यूमध्ये आरटीसी, म्हणजे लाइट नसतानाही चालणारं घड्याळ, नाही. लाइट येते पण नेट येत नाही, तेव्हा नोंदींवर चुकीची वेळ पडते, आणि सुरक्षित जोडणीसाठीचं टीएलएस सर्टिफिकेट 'अजून वैध नाही' म्हणून नाकारलं जातं. मी आता प्रत्येक बॉक्सला डीएस३२३१ ही घड्याळाची चिप लावते. तासगावच्या बॉक्समध्येही तो आहे. त्याचा ओव्हरले (पायला त्याची ओळख करून देणारी ओळ) मी फॅट पार्टिशनवरच्या यूझरसीएफजी फाइलमध्ये लिहिला आहे, ती फाइल एलबीयूच्या बाहेरची असते, कमिटशिवायच टिकते. घड्याळ वाचणारी सर्व्हिस मात्र रनलेव्हलमध्ये (बूटला सुरू होणाऱ्या सर्व्हिसच्या यादीत) जोडल्यावर कमिट करावीच लागली. केली, टार उघडून वाचलं, पिन उपटली, आणि पाच मिनिटं तिथेच थांबले.