लॉनमधल्या तणाला विदर्भात परदेशी कॅलेंडर चालत नाही, या चुका टाळा

आजकाल गावात नवीन घर बांधलं की समोर गुंठा-दोन गुंठ्याचं लॉन पाहिजेच असतं, शाळेत, मंगल कार्यालयात, कुठंही जा, हिरवा पट्टा दिसतोच. अन् पहिला पावसाळा सरला की सगळ्यांचा प्रश्न एकच, भाऊ हे मधातच कोणतं गवत घुसलं अन् याले मारायचं कसं. मग माणूस मोबाईल काढतो, व्हिडिओ पाहतो, आणि खरी गडबड तिथूनच सुरू होते, काहून तं त्यातले बहुतेक व्हिडिओ थंड देशातल्या लॉनचे असतात. सांगणारा खोटं बोलत नाही, पण त्याचं गवत वेगळं, त्याची जमीन वेगळी, त्याचा उन्हाळा म्हणजे आपला जानेवारी.

पहिली चूक: त्यांचं वेळापत्रक आपल्या वावरात

तिकडं लॉन म्हणजे केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, रायग्रास असली गवतं. यांना १५ ते २४ डिग्री मानवते, वसंतात आणि उन्हाळा सरल्यावरच्या गारव्यात ती जोमात वाढतात अन् भर उन्हाळ्यात दमतात. ती दमली की क्रॅबग्रास नावाचं उन्हाळी गवत मोकळी जागा पाहून शिरतं. म्हणून तिकडचे लोक जमीन १० ते १३ डिग्रीपर्यंत तापायला लागली की, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलात, तण उगवायच्या आधीचं औषध मारतात, सप्टेंबरात नवीन बी टाकून लॉन दाट करतात आणि गवत सात-आठ सेंटीमीटर उंच ठेवतात म्हणजे सावलीनं तण उगवत नाही. त्यांच्यासाठी हे सगळं बरोबर आहे.

आता हेच नागपूर-चंद्रपूरकडे करून पहा. आपली जमीन त्या १३ डिग्रीच्या वरच असते जवळपास वर्षभर, त्यामुळं आपल्या तणाचं बी तापमानाची वाट पाहतच नाही, ते पाहतं ओलीची वाट. मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत सगळं एकदम उगवतं. मार्चमध्ये व्हिडिओ पाहून पेंडीमेथालिन (तण उगवायच्या आधीचं औषध) मारलं तर जूनपर्यंत उन्हानं त्याचा दम संपलेला असतो, पैसे गेले अन् तण आहे तिथंच. मारायचंच असेल तर पहिल्या पावसानं जमीन ओली झाल्यावर पण तण वर यायच्या आधी, ती तीन-चार दिवसांची खिडकी असते. पिकात एकरी लिटर-सव्वा लिटर सांगतात, म्हणजे गुंठ्याला २५-३० मिली. उगवलेल्या तणाला ते काहीच करत नाही. नवीन लावलेल्या लॉनवर तर मुळीच मारू नका, कोवळी मुळं धरत नाहीत. (आणि पोर्चच्या टाइल्सवर सांडू देऊ नका, पिवळा डाग पडतो तो निघता निघत नाही.)

यातली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे थंड देशातल्या लॉनवाल्याचा एक मोठा दुश्मन आहे बर्म्युडा ग्रास, फेस्क्यूत घुसलं की खोडं पसरवत जातं आणि त्याला काढता काढता लोक रडकुंडीला येतात. हे बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. गणपतीला आपण २१ दूर्वा वाहतो, तीच. म्हणजे तिथं जे तण आहे त्याचंच आपलं लॉन आहे! आता कोणी 'बर्म्युडा कसं मारायचं' हा व्हिडिओ पाहून ते औषध आणून आपल्या लॉनवर मारलं तर काय मरणार ते तुम्हीच सांगा.

याच प्रकारात ऑनलाइन मिळणारी 'कूल सीझन लॉन' च्या बियांची पाकिटं येतात. नोव्हेंबरात टाकली की रायग्रास आठवड्याभरात उगवतं, डिसेंबर-जानेवारीत असं हिरवंगार की शेजारी विचारायला येतात. मार्च संपेपर्यंत ते पिवळं, एप्रिलमध्ये मातीला माती, आणि उरलेल्या रिकाम्या जागेत जूनमध्ये तणाची मजाच मजा. आपल्याकडं हरळी किंवा नर्सरीवाले सिलेक्शन वन, मेक्सिकन, कोरियन म्हणून जे देतात ती उन्हातली गवतंच लावा, ४५ डिग्रीच्या वैशाखात तीच तग धरतात.

दुसरी चूक: ओळख न करता औषध

दुखणं म्हशीला अन् डाग पखालीला, हा प्रकार इथं सर्रास चालतो. तण उपटा, दांडा बोटांमध्ये धरून फिरवा. तीन कडा लागल्या, त्रिकोणी वाटला, पान चकचकीत, तं तो लव्हाळा म्हणजे नागरमोथा, ते गवत नाहीच. दांडा गोल किंवा चपटा, मधात गाठी, तं गवत. रुंद पान असेल तर दुधी, घोळ, कंबरमोडी, काँग्रेस गवत (नाव गवत असलं तरी ते गवत नाही) यातलं काहीतरी. केना दिसायला गवतासारखा पण जाड पानांचा अन् निळ्या फुलांचा, तो ओलीत आणि सावलीत पसरतो, हातानं मुळासकट काढून लॉनच्या बाहेर न्या, तिथंच टाकला तर कांड्यापासून परत फुटतो.

ही तीन गटांची ओळख एवढ्यासाठी की एका गटाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. आपल्याकडं प्रत्येक कास्तकाराच्या घरी सोयाबीनचं उरलेलं तणनाशक कोपऱ्यात असतंच, अन् तेच लॉनवर मारायचा मोह होतो. क्विझालोफॉप सोयाबीनमधलं गवत मारतं, सोयाबीन वाचतं, कारण सोयाबीन रुंद पानाचं आहे. तुमचं लॉन गवत आहे. ते मारल्यावर हरळी जाते अन् लव्हाळा तसाच उभा राहतो, त्याला त्या औषधाचं काही पडलेलं नसतं. ग्लायफोसेट तर समोर येईल ते मारतं. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं आदेश काढला की ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनंच वापरायचं, तरी चोर बीटीमुळं (ग्लायफोसेट सहन करणारं, परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं) बऱ्याच घरी त्याचा डबा सापडतो हे सगळ्यांना माहीत आहे. शिवाय गढूळ किंवा जड पाण्यात कालवलं तर ते अर्धं तिथंच निकामी होतं, मग लोक म्हणतात औषध डुप्लिकेट होतं अन् डोस वाढवतात.

टू-फोर-डी ची गोष्ट वेगळी सांगायला पाहिजे. रुंद पानाचं तण मारायला ते चांगलं, हरळीला सहसा धक्का लावत नाही, पण भाऊ आपण कपाशीच्या मुलखात राहतो. कपाशीला टू-फोर-डी चा वास जरी लागला तरी पानं बोटांसारखी चिरत जातात, शेंडे वाकडे होतात, पात्या-फुलं गळतात. लॉनवर मारलेलं वाऱ्यानं धुऱ्यापलीकडच्या कपाशीवर गेलं तर शेजाऱ्याशी वर्षभराचं भांडण. आणि तोच पंप दोन पाण्यानं धुवून कपाशीवर कीटकनाशक मारायला घेतला तरी तेच होतं, त्या पंपात जे थोडंसं उरतं ते कपाशीला पुरेसं असतं. जूनपासून कपाशी निघेपर्यंत आसपास वावर असेल तर लॉनमध्ये टू-फोर-डी नकोच, गुंठाभर लॉनमधली दुधी अन् कंबरमोडी दोघंजण बसून सकाळच्या वेळात खुरप्यानं काढू शकतात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगानं मोठं लिहून ठेवा.

लव्हाळा: इथंच बहुतेक लोक हारतात

लॉन कापल्यावर दोन-तीन दिवसांत जे सगळ्यांच्या वर डोकं काढतं ते लव्हाळ्याचं. लोक ते उपटतात. वर पान आलं हातात, खाली गाठ राहिली. जमिनीत या गाठींची माळ असते, एकीतून दुसरी, आणि बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात. माळ अखंड असते तोवर शेवटची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते, तुम्ही ओढून ती माळ तोडली की झोपलेल्या गाठी जाग्या होतात. एक उपटलं अन् चार आले असं म्हणतात ते उगीच नाही. फावड्यानं उलटसुलट खणून तिथंच सोडणं, रोटावेटर फिरवणं, हे तर लव्हाळ्याची लागवड करण्यासारखं झालं.

मग करायचं काय. थोडा असेल तर निंदण सोडायचं नाही, दर दोन-तीन आठवड्यांनी, नवीन पानं पाच-सहा झाली की काढायचं, खोल खुरपं घालून जमेल तेवढी गाठ घेऊन. प्रत्येक वेळी नवीन पानं काढताना गाठीतला साठा संपतो आणि पानं मोठी होऊन तो परत भरायच्या आत तुम्ही ती काढता. एक पावसाळा मधात खंड पडला की सगळं मुसळ केरात. जास्त असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल नावाचं औषध आहे, उसातल्या लव्हाळ्यासाठी वापरतात, जमलेल्या हरळीला ते सहन होतं, तरी आधी एका कोपऱ्यात मारून पहा. चुका इथंही होतात. एकरी ३६ ग्रॅमचा डोस, म्हणजे गुंठ्याला एक ग्रॅमही नाही, ते चमच्यानं अंदाजे टाकायचं काम नाही, छोटा काटा घ्या किंवा कृषी केंद्रवाल्याकडून मोजून घ्या. मारायच्या आधी आणि नंतर दोन-तीन दिवस लॉन कापू नका, पान असेल तरच औषध खाली उतरेल. अन् आठ दिवसांत काही दिसलं नाही म्हणून परत मारू नका, पिवळं पडायला दोन-तीन आठवडे लागतात.

लव्हाळा सारखा एकाच पट्ट्यात येत असेल तर तिथं पाणी मुरतं का पहा. कूलरचं पाणी, बोअरची गळती, भांडी धुण्याची मोरी, बहुतेक वेळा यातलंच काहीतरी निघतं. काळी माती पाणी धरून ठेवते, तिला रोज शिंपडायची गरजच नाही, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी खोल पाणी द्या, मुळं खाली जातात अन् वरची माती वाळल्यानं तणाचं बी उगवत नाही.

कुंदा आला असेल तर वेगळं. त्याचं खोड हातभर खोल जातं, खुरप्याचं कामच नाही, सब्बल अन् कुदळ घेऊन उन्हाळ्यात खणा आणि निघालेला प्रत्येक तुकडा वेचून उन्हात टाका.

तण येतं कुठून

बहुतेक तण आपणच ट्रॉलीनं आणतो. लॉनखाली टाकायला वावरातली काळी माती आणली, त्यात लव्हाळ्याच्या गाठी. तलावातला गाळ आणला, त्यात बी. उकिरड्यातलं अर्धं कच्चं शेणखत टाकलं, ढोरांनी खाल्लेल्या गवताचं बी त्यात जिवंत असतं, पूर्ण कुजताना ढीग आतून तापला असेल तरच ते मरतं. खत हातात घेऊन पहा, वास येत असेल, काडी ओळखू येत असेल तर अजून ठेवा. नर्सरीतून लॉनचे रोल घेताना खालची बाजू उलटून पहा, गाठी दिसल्या तर परत करा, लाजायचं काम नाही. शाळेच्या मैदानावर फिरून आलेली कापणी मशीनही धुवूनच आत घ्या.

बाकीच्या छोट्या चुका

लॉन बुडापासून भादरणं. माती उघडी पडते, ऊन आत जातं, तणाला आमंत्रण. हरळी अडीच ते चार सेंटीमीटर ठेवा, एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका, पण व्हिडिओतल्यासारखी सात-आठ सेंटीमीटरही वाढवू नका, खाली नुसता काड्यांचा भुगा होतो. तणाला कणीस यायच्या आधी कापा, आलंच असेल तर कापलेलं गोळा करून बाहेर टाका.

आंबा-कडुलिंबाच्या दाट सावलीत हरळी टिकत नाही, तिथं तणाशी भांडण्यापेक्षा फरशी टाका किंवा कुंड्या ठेवा. थंडीत हरळी तपकिरी पडते, ते दुखणं नाही, तिची झोप आहे, तेव्हा युरिया टाकला तर तो बथुआसारख्या हिवाळी तणाला मिळतो. युरिया जून ते सप्टेंबर, गुंठ्याला अर्धा किलो, ओल असताना.

मीठ, अॅसिड, रॉकेल ओतणं बंद करा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पाणीच खारं आहे, तिथले लोक मीठ काय करतं ते चांगले जाणून आहेत, माती दगडासारखी घट्ट होते. तिथं हरळी बरीच तग धरते, केंटकी ब्लूग्रास तर खाऱ्यात उभंच राहत नाही.

फवारणी थोडीच आहे म्हणून बनियनवर, चप्पल घालून करू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतमजूर गेले, ते विसरायसारखं नाही. हातमोजे, मास्क, बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, वारा नसताना मारा, आणि लेकरं, कुत्री, बकऱ्या त्या दिवशी लॉनवर नको. पॅराक्वॉट नावाचं तणनाशक घरात ठेवूच नका, पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

लॉन मोडायचं कधी

अर्ध्याच्या वर लव्हाळा असेल तर औषधं आणत बसण्यापेक्षा मोडा, माझं मत हेच. एप्रिलमध्ये वीतभर खणा, गाठी वेचा, राहिलेल्या ढेकळांना पंधरा-वीस दिवस उलटंपालटं करत कडक ऊन द्या, गाठ वाळली की मरते, हे ऊन आपल्याला फुकट मिळतं अन् त्या व्हिडिओवाल्यांना मिळत नाही. नंतर माती सपाट करून पाणी द्या आणि पारदर्शक प्लास्टिक कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे अंथरा. काळं नाही, पारदर्शक, काळ्याखाली माती तेवढी तापत नाही. खोलवरची एखादी गाठ यातूनही वाचते, म्हणून पहिल्या पावसावर दोन आठवडे थांबा, जे उगवेल ते काढा आणि मग जुलैमध्ये हरळीचे कोंब जवळजवळ लावा. फक्त मे महिन्यात घरी लग्न असेल तर मंडप दुसरीकडं टाका, खुर्च्यांच्या पायांनी प्लास्टिकला भोकं पडली की आतली वाफ निघून जाते अन् लव्हाळा त्याच भोकातून वर येतो.