अमेरिकेतल्या घरात डिजिटल थर्मोस्टॅट कसा बसवावा, कसा वापरावा

न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगनमधल्या बऱ्याच जुन्या घरांत पॅसेजच्या भिंतीवर अजून गोल चकतीचा नाहीतर सरकत्या दांडीचा थर्मोस्टॅट दिसतो. तो काढून डिजिटल बसवणं तासाभराचं काम आहे. घरातलं बटण किंवा पंख्याचा रेग्युलेटर ज्याने कधी बदललाय, त्याला हे नक्की जमेल. मात्र सुरुवात करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या: थर्मोस्टॅट स्वतः काहीच तापवत नाही की थंड करत नाही. तो तापमान बघून चालू-बंद होणारा स्विच आहे. फर्नेसमधला, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीतला, छोटा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो, ते एका बारीक वायरने भिंतीपर्यंत येतात आणि थर्मोस्टॅट ती वायर गरजेप्रमाणे दुसरीला जोडतो. म्हणून दुकानात जाण्याआधी जुन्याचं झाकण काढून मागे काय आहे ते बघा. कुठला थर्मोस्टॅट घ्यायचा ते भिंतीतल्या वायरी ठरवतात.

खरेदीच्या आधी

झाकण बहुतेक वेळा नुसतं ओढून निघतं. आत रंगीबेरंगी, बारीक, एकाच तारेच्या वायरी अक्षरांच्या स्क्रूंना जोडलेल्या असतील तर तुमची यंत्रणा २४ व्होल्टची आहे आणि पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. दोन किंवा चार जाड वायरी टोप्या पिळून जोडलेल्या असतील, किंवा थर्मोस्टॅटवर १२० अथवा २४० व्होल्ट असं छापलेलं असेल, तर तिथेच थांबा. खोलीच्या कडेने लावलेल्या इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटरची ती मुख्य वीज आहे. तिच्यावर नेहमीचा डिजिटल थर्मोस्टॅट लावला तर तो जळेल आणि आगही लागू शकते. अशा घरासाठी लाइन व्होल्टेजचे वेगळे थर्मोस्टॅट मिळतात. ते इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावेत.

भाड्याच्या घरात असाल तर आधी मालकाला विचारा. न्यूयॉर्क शहरात इमारतीची हीट मालकाच्या हातात असेल तर १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात दिवसा बाहेर ५५ अंशांखाली गेल्यावर घरात किमान ६८, आणि रात्री बाहेर काहीही असो, किमान ६२ अंश फॅरनहाइट ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तिथे घर गार पडत असेल तर थर्मोस्टॅट बदलण्याऐवजी तक्रार करा.

आता वायरी कुठल्या अक्षरांना लावल्या आहेत ते बघा:

- आर (किंवा आरएच, आरसी): २४ व्होल्ट आणणारी वायर
- डब्ल्यू: हीट
- वाय: एसीचा कॉम्प्रेसर
- जी: फर्नेसचा पंखा
- सी: वीज परत नेणारी, म्हणजे कॉमन
- ओ/बी: फक्त हीट पंपाच्या (एसीसारखंच, पण उलटं चालून घर गरमही करणाऱ्या यंत्राच्या) घरात, गरम-थंडची दिशा बदलणारी

सगळी गाडी बहुधा सी वायरवर अडते. जुन्या थर्मोस्टॅटना तिची गरजच नव्हती, त्यामुळे अनेक घरांत ती जोडलेली नसते. बॅटरीवर चालणाऱ्या साध्या डिजिटल थर्मोस्टॅटला ती नसली तरी चालते. वायफायवाल्याला मात्र सतत वीज लागते. भिंतीतल्या केबलचं टोक हळूच बाहेर ओढून बघा, अनेकदा एखादी वायर मागे दुमडून ठेवलेली सापडते. ती वापरायची तर खाली फर्नेसच्या बोर्डावरही तिचं दुसरं टोक सीला जोडावं लागेल, नुसतं वर जोडून काही होणार नाही. जास्तीची वायर नसेल तर काही कंपन्या ॲडॅप्टर किट देतात, तो फर्नेसपाशी बसतो. ‘सी वायर लागत नाही’ असं लिहिलेले वायफाय थर्मोस्टॅट इतर वायरींमधून थोडी थोडी वीज घेत राहतात. काही फर्नेसना ते मानवत नाही आणि थंडीत थर्मोस्टॅटची बॅटरी उतरते. माझं मत विचाराल तर सीची सोय होत असेल तरच वायफायच्या मागे लागा. घरात दिवसभर कोणी ना कोणी असतं, फोनवरून चालवायची गरज नाही, अशा कुटुंबाला मोठ्या आकड्यांचा बॅटरीवाला थर्मोस्टॅट पुष्कळ झाला.

बसवणं

१. वीज बंद करा. पॅनेलमधले फर्नेसचा आणि एसीचा असे दोन्ही ब्रेकर पाडा. फर्नेसच्या अंगावर किंवा तळघराच्या जिन्यापाशी वेगळा स्विचही असतो, त्याची पट्टी बहुतेक वेळा लाल असते. तोही बंद करा. मग जुन्या थर्मोस्टॅटवर तापमान भरपूर वाढवून काहीच सुरू होत नाही याची खात्री करा. २४ व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही, पण चालू विजेवर आर आणि सीची टोकं एकमेकांना लागली तर फर्नेसच्या बोर्डावरचा फ्यूज जातो. हा गाडीत असतो तसलाच चपटा फ्यूज, बहुधा ३ अँपिअरचा जांभळा किंवा ५ चा फिकट तपकिरी. नवा थर्मोस्टॅट लावल्यावर सगळंच मुकं झालं तर आधी तो बघा.

२. फोटो काढा, चिठ्ठ्या लावा. एकही वायर सोडवण्याआधी अक्षरं स्पष्ट दिसतील असा फोटो घ्या. मग प्रत्येक वायरला ती ज्या अक्षराच्या स्क्रूखाली आहे त्या अक्षराची चिठ्ठी लावा. रंगांवर अजिबात विसंबू नका. लाल म्हणजे आर, पांढरी म्हणजे डब्ल्यू असा रिवाज आहे, पण वायर ओढणाऱ्याने हाताला लागली ती लावलेली असू शकते. वायच्या स्क्रूखाली निळी वायर असेल तर तुमच्या घरात निळी म्हणजेच वाय.

३. जुना काढा. वायरी सोडवल्या की त्यांचा जुडगा पेन्सिलीला गुंडाळून टेप लावा. केबल भिंतीत घसरून आत पडली तर ती परत काढताना जीव मेटाकुटीला येतो.

जुन्याच्या आत काचेची लहानशी नळी आणि तिच्यात चकाकणारा थेंब दिसला तर तो पारा आहे. १९५३ मध्ये आलेला, हेन्री ड्रेफस यांनी आकार दिलेला हनीवेलचा प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट याच तत्त्वावर चालायचा: आतली धातूची गुंडाळी तापमानाप्रमाणे फिरे, नळी कलंडे आणि पारा दोन तारा जोडे. वस्तू सुंदर, पण एकेकात काही ग्रॅम पारा असतो. ती कचऱ्यात टाकू नका, नळी फोडू नका. काउंटीच्या घातक कचरा केंद्रात किंवा हीटिंगचं सामान विकणाऱ्या बऱ्याच घाऊक दुकानांत हे थर्मोस्टॅट घेतात.

४. भोक बुजवा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. केबल जिथून येते त्या भोकातून भिंतीच्या पोकळीतली हवा थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर येते. जानेवारीत तिथे तळहात धरून बघा, गार झुळूक जाणवेल. थर्मोस्टॅटला तीच खोलीची हवा वाटते आणि फर्नेस विनाकारण चालत राहतो. थोडी पुट्टी किंवा इन्सुलेशनचा बोळा केबलभोवती दाबून बसवा.

५. पाटी बसवा. नव्या थर्मोस्टॅटची मागची पाटी भिंतीला लावून भोकांच्या खुणा करा, बुडबुड्याची पट्टी (स्पिरिट लेव्हल) लावून पातळी बघा, ड्रायवॉलचे अँकर ठोका, स्क्रू पिळा. घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. ड्रिल करताना धूळ ओल्या फडक्याने टिपा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

६. वायरी जोडा. टोकांवरचं आवरण साधारण पाऊण सेंटिमीटर ते एक सेंटिमीटर सोला, तार सरळ करा आणि चिठ्ठीप्रमाणे त्या त्या खाचेत घाला. हलकं ओढून बघा, सुटायला नको. आरची एकच वायर असेल तर आरएच आणि आरसी यांच्यात जोडपट्टी लागते. बऱ्याच नव्या थर्मोस्टॅटमध्ये ती आतूनच असते, पुस्तिकेत बघून घ्या.

७. पुढचा भाग दाबून बसवा, बॅटऱ्या घाला, वीज चालू करा. फर्नेसचं दार उघडलं असेल तर ते पक्कं लावा. दारामागे सुरक्षेचा स्विच असतो आणि दार जरा जरी सैल राहिलं तरी फर्नेस सुरू होत नाही.

जागा योग्य आहे ना?

जुन्या जागीच लावायचा तर प्रश्न नाही, असं समजू नका. थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असावा. त्याच्यावर ऊन, दिवा किंवा गरम हवेची जाळी यांचा झोत नको. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट होते. पॅसेजमधल्या भिंतीला टेकवून देवघर ठेवतात आणि नेमका तिथेच वर थर्मोस्टॅट असतो. संध्याकाळी समई लावली की तिच्यावरची गरम हवा सरळ वर चढते, थर्मोस्टॅट घर गरम झालं असं धरून फर्नेस बंद करतो आणि झोपायच्या खोल्या गार पडतात. अशा वेळी वायरी हलवण्यापेक्षा देवघर दोन-तीन फूट बाजूला घेणं सोपं.

पहिल्यांदा चालू करताना

स्क्रीनवर येणारे प्रश्न घाईत पुढे ढकलू नका. यंत्रणा साधी आहे की हीट पंप, हे पहिलं. दुसरं म्हणजे हीट गॅसची की इलेक्ट्रिक. गॅसचा फर्नेस पंखा स्वतः सुरू करतो, इलेक्ट्रिक फर्नेसला तो थर्मोस्टॅटने सुरू करून द्यावा लागतो. हीट पंप असेल तर ओ की बी, हेही विचारलं जाईल. बहुतेक कंपन्यांचे पंप ओवर चालतात, रीम आणि रूडचे बीवर. उलटं निवडलं तर हीट मागितल्यावर गार हवा येते. घाबरू नका, सेटिंग बदला.

आता तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंश वर नेऊन हीट तपासा. आग पेटून पंखा सुरू व्हायला एखाद-दोन मिनिटं जातात. एसी तपासताना पाच मिनिटांपर्यंत थांबावं लागेल, कारण कॉम्प्रेसरला जपण्यासाठी थर्मोस्टॅट मुद्दाम उशीर करतो. बाहेर ६० अंशांपेक्षा कमी असेल तर एसी तपासूच नका, त्याने कॉम्प्रेसरला इजा होते.

रोजचा वापर

प्रोग्रॅम लावला नाही तर डिजिटल थर्मोस्टॅट घेऊन फायदा काय? एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारच्या वीजबचत मानांकन योजनेने प्रोग्रॅमवाल्या थर्मोस्टॅटना दिलेलं मानांकन २००९ च्या अखेरीस थांबवलं, कारण लोक प्रोग्रॅम नीट वापरत नव्हते आणि बचत दिसत नव्हती. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशोब असा: दिवसातले आठ तास तापमान नेहमीपेक्षा ७ ते १० अंश फॅरनहाइटने मागे घेतलं तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंगच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. हिवाळ्यात जागेपणी ६८ (म्हणजे आपले २० सेल्सिअस), रात्री रजईत शिरल्यावर ६०-६२, ही चांगली सुरुवात आहे.

हीट पंपाच्या घरात मात्र हे करू नका. सकाळी एकदम आठ अंश चढवायला सांगितलं की पंपाला ते झेपत नाही, मग विजेच्या कॉइलची जादा हीट सुरू होते आणि रात्री वाचवलेलं सकाळी जातं. तिथे दोन-तीन अंशांचाच फरक ठेवा. ‘इमर्जन्सी हीट’ हे बटण पंप बिघडला तरच वापरायचं.

‘होल्ड’ दाबलं की प्रोग्रॅम बाजूला पडतो. काही थर्मोस्टॅट पुढच्या वेळेपर्यंतच धरून ठेवतात, काही कायमचे. स्क्रीनवर ‘पर्मनंट होल्ड’ दिसत असेल तर तुमचा प्रोग्रॅम चालतच नाहीये.

घर लवकर तापावं म्हणून ८० वर नेऊ नका. साधा फर्नेस ७० साठी जेवढ्या जोराने चालतो तेवढ्याच जोराने ८० साठी चालतो, फक्त थांबत नाही. पंखा ‘ऑटो’वर ठेवा. उन्हाळ्यात ‘ऑन’वर ठेवला तर कॉम्प्रेसर थांबल्यावर गार कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा हवेत मिसळतं आणि घर दमट लागतं.

भारतातून आई-बाबा आले असतील तर प्रोग्रॅम त्यांच्या दिवसाप्रमाणे बदला. तुम्ही ऑफिसला गेल्यावर घर ६२ वर उतरत असेल तर ते दोघं शाल पांघरून बसतील आणि तुम्हाला सांगणारही नाहीत. वयस्कर माणसांसाठी घर ६८ च्या खाली नको, ७२ ठेवलंत तरी बिल सोसण्यासारखंच येईल. स्क्रीनवर सेल्सिअस करून द्या म्हणजे आकडा त्यांच्या ओळखीचा होईल. वर-खाली ही दोन बटणं त्यांच्याकडून दाबून घ्या आणि ‘तुम्हाला हवं तेवढं वाढवा’ असं स्पष्ट सांगा.

डिसेंबरात भारतात जाताना

हीट कधीही पूर्ण बंद करून जाऊ नका. घर ५५ अंशांवर कायमच्या होल्डला लावा. त्याहून खाली गेलं तर बाहेरच्या भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटण्याची भीती असते. निघायच्या आधी थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या नव्या घाला, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा आणि फर्नेसचा फिल्टर बदला. फिल्टर तुंबला की हवा पुरेशी फिरत नाही, फर्नेस तापून स्वतःला बंद करतो आणि ते बघायला घरात कोणी नसतं. हीट गरम पाण्याच्या रेडिएटरची नसेल तर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. किल्ली शेजाऱ्याकडे द्या आणि कडाक्याची थंडी पडली की एकदा आत डोकावून स्क्रीनवरचा आकडा बघायला सांगा.