टर्मिनलवर एकेक बटण वाचताय? या चुका टाळा

देवगडच्या शेडमध्ये हापूसची निवड चालू असते तेव्हा माणसाच्या एका हातात आंबा असतो. पेटी चार डझनी, पाच डझनी की सहा डझनी, एवढंच नोंदवायचं तर ४, ५, ६ ही तीन बटणं पुरतात. पण दर नोंदीला एंटर मारायला लावलात, की माणसं दुपारच्या आत प्रोग्रॅम सोडून पुन्हा वही उघडतात. कुडाळ-रत्नागिरीकडची कॉलेजची मुलं ओळखीच्या बागायतदाराला असा छोटा प्रोग्रॅम करून देतात तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो: टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या मजकुराच्या खिडकीत, एंटरशिवाय बटण वाचायचं कसं? उत्तर लगेच सापडतं, पण ते एकाच मशीनवर चालतं. घरच्या लिनक्सवर लिहिलेलं शेडमधल्या विंडोज लॅपटॉपवर सुरूच होत नाही.

टर्बो सी मधली सवय

आपल्याकडे अनेकांनी सी भाषा टर्बो सी वर गिरवली. त्यामुळे कोनिओ.एच ही फाइल आणि तिच्यातलं, एंटरशिवाय बटण वाचणारं गेटसीएच फंक्शन हे सी भाषेचेच भाग आहेत, असं डोक्यात बसतं. ते डॉस-विंडोजचं सामान आहे. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर ‘अशी फाइल नाही’ म्हणून तिथेच थांबतो. पायथनमध्येही तेच: एमएसव्हीसीआरटी मॉड्यूल फक्त विंडोजवर, टर्मिऑस आणि टीटीवाय फक्त लिनक्स-मॅकवर. फाइलच्या डोक्यावर दोन्ही इम्पोर्ट केलीत तर प्रोग्रॅम दोन्हीकडे पडेल. आधी प्लॅटफॉर्म बघा, मग त्या त्या शाखेत इम्पोर्ट करा. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) मध्ये चालणारा पायथन लिनक्सचा असतो. लॅपटॉपवर विंडोजचं स्टिकर असलं तरी तिथे एमएसव्हीसीआरटी मिळणार नाही.

लिनक्स-मॅकवर एंटर का लागतो, हेही समजून घ्या. तुम्ही दाबलेली अक्षरं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आपल्याकडे धरून ठेवतो, म्हणजे बॅकस्पेसने ती खोडता येतात. सहाआसनी रिक्षा भरल्याशिवाय स्टँडवरून हलत नाही, तसं एंटर आल्याशिवाय ती ओळ प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाही. हे थांबवायला टर्मिऑसमधला, अख्ख्या ओळीची वाट बघायला लावणारा आयकॅनन बंद करायचा, अक्षर पडद्यावर उमटू नये म्हणून इको बंद करायचा, व्हीमिन १ (किमान एक बाइट) आणि व्हीटाइम ० (वेळेची मर्यादा नाही) ठेवायचा.

सीब्रेक पुरत असताना रॉ मोड

पायथनमध्ये सेटरॉ (रॉ मोड) आणि सेटसीब्रेक (सीब्रेक मोड) ही एंटरची वाट बंद करणारी दोन फंक्शनं शेजारी शेजारी असतात आणि बरेचजण पहिलं उचलतात. रॉ मोडमध्ये कंट्रोल-सी ने प्रोग्रॅम थांबत नाही, नुसता ३ हा बाइट येतो. शिवाय आउटपुटची प्रक्रियाही बंद होते, म्हणून पुढची ओळ डावीकडून सुरू न होता आधीची जिथे संपली तिथून खाली उतरते आणि पडद्यावर जिना तयार होतो. पेट्या मोजायला सीब्रेक भरपूर झाला. रॉ लागतो तो एडिटर किंवा एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायचा प्रोग्रॅम) सारखं काही लिहिणाऱ्याला.

टर्मिनल जसं घेतलं तसं परत न करणं

मधेच एरर आला, प्रोग्रॅम पडला, आणि आता टर्मिनलवर टाइप केलेलं दिसतच नाही. शेडमधून फोन येतो: ‘ह्यां बटण चलना नाय रे!’ बटण चालतंय. इको बंद राहिलाय. सुरुवातीला टीसीगेटॲटर ने जुनी सेटिंग जपून ठेवा आणि फायनली ब्लॉकमध्ये टीसीसेटॲटर ने परत लावा. कंट्रोल-झेड विसरू नका. त्याने प्रोग्रॅम बाजूला ठेवून एफजी या हुकमाने परत आणला, की सीब्रेक पुन्हा लावावा लागतो. त्यासाठी प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाल्याचा सिगकॉन्ट हा सिग्नल पकडा. प्रोग्रॅम जबरदस्तीने मारणाऱ्या किल -९ पुढे मात्र फायनलीचा इलाज नाही. तेव्हा टर्मिनल पूर्ववत करणारं ‘एसटीटीवाय सेन’ न दिसताही टाइप करायचं, आणि एंटर लागत नसेल तर कंट्रोल-जे दाबायचं. शेडमधल्या माणसाला हे आधीच कागदावर लिहून द्या.

एक बटण म्हणजे एक बाइट, हा समज

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. वरचा बाण दाबला की लिनक्स-मॅकवर तीन बाइट येतात: एस्केप, चौकटी कंस आणि मोठा ए. काही मोडमध्ये कंसाच्या जागी मोठा ओ येतो. ही पद्धत डीईसी कंपनीच्या व्हीटी१०० (१९७८) सारख्या टर्मिनलांपासून चालत आली आहे. विंडोजवर गेटसीएच आधी ० किंवा २२४ देतो, आणि दुसऱ्यांदा बोलावल्यावर खरा कोड: वर ७२, खाली ८०, डावीकडे ७५, उजवीकडे ७७.

आता नुसतं एस्केप दाबलंय की ही बाणाची सुरुवात आहे, हे पहिल्या बाइटवरून कळत नाही. थोडं थांबून बघावं लागतं. एनकर्सेस ही टर्मिनलसाठीची लायब्ररी त्यासाठी मुळात १००० मिलिसेकंद थांबते, म्हणून एस्केप दाबल्यावर प्रोग्रॅम अडकल्यासारखा वाटतो. त्याच मशीनवर ५० मिलिसेकंद पुरतात. पण पावसात मोबाइलच्या अडखळत्या नेटवर मुंबईहून एसएसएच ने कोणी आत आलं असेल, तर तीन बाइट सुटे सुटे येऊ शकतात आणि बाण हा एस्केप समजला जातो. म्हणून छोट्या प्रोग्रॅममध्ये नुसत्या एस्केपला काहीच काम देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

यातच पायथनचा एक चकवा आहे. एसटीडीइन (प्रोग्रॅमकडे येणारं इनपुट) वर रीड(१) केलं की एक अक्षर तुमच्या हातात येतं, पण मागचे दोन बाइट पायथनच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, जाऊन बसतात. मग इनपुट आलंय का ते बघणाऱ्या सिलेक्टला विचारलं ‘अजून काही आहे का?’ तर तो नाही म्हणतो, कारण तो बफर बघत नाही, कर्नलकडचा फाइल डिस्क्रिप्टर बघतो. पुढचं बटण दाबल्यावर जुने तुकडे बाहेर पडतात. इथे ओएस.रीड वापरा, म्हणजे मधलं बफरच राहत नाही.

देवनागरीत हेच आणखी गुंततं. ‘क’ यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) तीन बाइटांचा: २२४, १६४, १४९. ‘क्ष’ नऊ बाइटांचा. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४ असतो, म्हणजे विंडोजवरच्या खास बटणांचा तोच आकडा! विंडोजचा नियम लिनक्सच्या शाखेत तसाच चिकटवलात, तर प्रत्येक मराठी अक्षर बाण ठरेल. विंडोजवर गेटसीएच ऐवजी गेटडब्ल्यूसीएच घ्या, आणि लिनक्स-मॅकवर यूटीएफ-८ चा पायरीपायरीने वाचणारा डिकोडर लावा.

वाय/एन विचारताना

‘ही नोंद पुसू का? वाय/एन’ असा प्रश्न असतो, आणि कीबोर्ड इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीवर राहिलेला असतो. मग वायच्या जागी ‘ब’ येतो, एनच्या जागी ‘ल’, आणि बाहेर पडायच्या क्यू ला ‘ौ’. माणूस वाय दाबत राहतो, प्रोग्रॅम ढिम्म. तुलना करताना दोन्ही अक्षरं स्वीकारा. आकड्यांचंही तसंच: देवनागरी ‘५’ आला तर इंग्रजी पाचाशी थेट तुलना चुकते, पण पायथनचा इंट देवनागरी आकडा नीट ओळखतो. त्याच्यातून काढून मग तुलना करा.

प्रश्न विचारण्याआधी रांगेत पडून असलेली बटणं काढून टाका, नाहीतर आधी चुकून दाबलेला वाय नोंद पुसून जाईल. लिनक्स-मॅकवर टीसीफ्लश, विंडोजवर केबीहिट (बटण दाबलेलं आहे का ते सांगणारं फंक्शन) खरं सांगेल तोवर गेटसीएच. सी मध्ये एफफ्लश(एसटीडीइन) वर विसंबू नका. प्रमाण सी मध्ये त्याचं वर्तन ठरलेलं नाही. बटणावर बोट राहिलं तर साधं टर्मिनल तेच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवतं आणि बोट उचलल्याचं कळवत नाही. म्हणून पेट्यांचा आकडा पडद्यावर मोठा दाखवा आणि शेवटची नोंद मागे घ्यायला एक बटण ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

एंटर विंडोजवर १३ येतो, लिनक्सच्या सीब्रेकमध्ये साधारणपणे १०. बॅकस्पेस विंडोजवर ८, लिनक्स-मॅकवर बहुधा १२७. दोन्ही धरा. केबीहिट चं लूप न झोपता फिरवलंत तर प्रोसेसरचा एक कोअर अडकतो, आणि वीज गेल्यावर लॅपटॉपची बॅटरी त्यातच संपते. जरासा स्लीप टाका. विंडोजवर सिलेक्ट फक्त सॉकेटवर चालतो. ओएस.रीड ने रिकामं काही दिलं तर पलीकडचं टर्मिनल गेलेलं असतं. तिथे बाहेर पडा. इनपुट फाइलमधून येत असेल तर टीसीगेटॲटर एरर देतो, म्हणून समोर टर्मिनलच आहे का, हे आधी इझॲटी ला विचारा.

आणि काहीच सुचत नसेल तर आलेल्या प्रत्येक बाइटचा आकडा छापणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहा आणि तो ज्या मशीनवर काम व्हायचंय तिथेच चालवा. लिनक्सवर ‘शोकी -ए’ हेच करतं. बाहेर पडायला कंट्रोल-डी.