जुने पुरुषी कपडे जमवायचे असतील तर

गोव्यात असे कपडे दुकानांपेक्षा घरातल्या पेट्यांमध्येच जास्त निघतात. १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट असलेल्या या प्रदेशात एकाच वाड्यावर लिननचा पांढरा सूट, धोतरावर चढवायचा लांब कोट आणि पूजेचा रेशमी मुकटा नांदत होते. तारवटींनी, म्हणजे बोटींवर काम करणाऱ्या गोवेकर खलाशांनी, परदेशांतून आणलेले शर्ट आणि जाकिटे वेगळीच.

१. आधी विषय ठरवा. केवळ कोट, केवळ तारवटींचे कपडे किंवा केवळ सोवळ्यातली वस्त्रे. सगळेच जमवायला गेलात की दोन वर्षांत कपाट भरते आणि संग्रह मात्र होत नाही.

२. विचारत राहा. सुरुवात नात्यातून करा: "काकी, आजोबांचा कोट अजून आहे?" मग गावातला म्हातारा शिंपी गाठा, कोणाच्या घरी काय शिवले हे त्याला आठवते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळीच पोचा.

३. काळ ओळखा. यातच खरी मजा आहे. आतल्या खिशावर शिंप्याचे लेबल पाहा. लोकरीच्या कपड्यावर लोकरीची खात्री देणारे वूलमार्कचे चिन्ह असेल तर तो १९६४ च्या आधीचा नाही. 'सीसी ४१' हा सरकारने ठरवून दिलेल्या साध्या कपड्यांवरचा शिक्का ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये सुरू झाला. लीव्हाईसच्या लाल पट्टीवर नाव सगळे कॅपिटल अक्षरांत असेल तर जीन्स साधारण १९७१ च्या आधीची. पण कंपनीने जुन्या नमुन्याच्या नव्या जीन्सही काढल्या आहेत, म्हणून एका खुणेवर पैसे देऊ नका. शिंपल्याचे बटण गालाला लावले की गार लागते, प्लॅस्टिकचे तितके लागत नाही. शिवणीतला एक धागा जाळून पाहा: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, सुताला कागदाचा, पॉलिएस्टरचा वितळून गोळा होतो.

४. उजेडात धरा. काखा, कॉलर, पँटची बैठक तपासा. बुरशीचे काळे ठिपके सुती कापडातून सहसा जात नाहीत; तो कपडा सोडून द्या.

५. पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करा. प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळा, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, सोबत सिलिका जेल ठेवा आणि ते ओले झाले की बदला. विणलेली लोकर टांगू नका, घडी घालून ठेवा. कसर लागली असेल तर कपडा हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर तापमान खोलीइतके होईपर्यंत पिशवी उघडू नका.

६. नोंद करा. कोणी, कुठे, कधी घातला, कोणी शिवला. नावगाव नसलेला देखणा कोट मला अर्धाच वाटतो. कपडा देणाऱ्या घरातला जुना फोटो मिळाला तर त्याची प्रत घ्या, आणि नाव लिहिण्याआधी त्या घरची परवानगी मागा.