कलांचोला पुन्हा फुले येण्यासाठी
पावसात कुजू नये म्हणून कोकणात कलांचोची, म्हणजे जाड रसाळ पानांच्या या फुलझाडाची, कुंडी आपण पडवीत घेतो आणि दसरा झाला तरी तेथेच राहू देतो. पाने तजेलदार दिसतात, पण कळी धरत नाही, कारण कळी धरायला या झाडाला रात्री लांब, सलग अंधार लागतो आणि पडवीतल्या दिव्याचा उजेड रात्री उशिरापर्यंत त्यावर पडत असतो. ऑक्टोबर लागला की सायंकाळी 6 ते सकाळी 8, असे सलग 14 तास, कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे आणि दिवसा तिला भरपूर उजेड द्यावा. हा नेम 6 आठवडे मोडू नये. शेंड्याशी मोहरीएवढ्या हिरव्या कळ्या दिसल्या, की खोके थांबवावे. पाणी माती बोटाला कोरडी लागल्यावरच, बुंध्याशी घालावे. आपल्या दमट हवेत पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी लवकर सुकत नाही. घरात मांजर असल्यास कुंडी तिच्या आवाक्याबाहेर ठेवावी, कारण हे झाड तिला विषारी आहे.