थरांचं रंगकोडं घरीच करताना

या कोड्यात रंगीत आकारांचे पारदर्शक चौकोन एकमेकांवर रचून दिलेलं चित्र जुळवायचं असतं. फाइलच्या पारदर्शक ए-फोर कव्हरच्या एका पानातून ८ सेंमीचे ६ चौकोन निघतात. सुरुवातीला ४ पुरे. प्रत्येकावर घोटीव कागदाचा वेगळ्या रंगाचा एकच आकार चिकटवा. पातळ डिंकाने कागद फुगतो, कांडीचा गोंद बरा. चौकोन एकमेकांवर रचून नेमका वरून फोटो काढा. हेच चित्र पुन्हा जुळवायचं.

चौकोन फक्त फिरवू दिले तरी मांडण्या ६१४४ होतात (क्रम २४, प्रत्येक चौकोन चार दिशांनी). पालथेही चालणार असतील तर ९८,३०४! मग कागद पाठीला पाठ लावून दुहेरी चिकटवा, नाहीतर मागून पांढरा दिसतो.

फसतं ते आकार निवडताना. मधोमध गोल लावला की तो कसाही फिरवा, सारखाच, चौकोन वाया. त्यापेक्षा कडेला सरकलेला त्रिकोण किंवा एल घ्या. लागोपाठच्या दोन थरांचे रंग चित्रात कुठेतरी एकमेकांवर चढलेले दिसलेच पाहिजेत. लाल आणि निळा एकमेकांना शिवतच नसतील तर कुठलाही वर ठेवा, चित्र तेच, म्हणजे उत्तरं दोन.

सोडवताना आधी रंग ओळखत बसू नका. ज्या आकाराची कड कुठेच तुटत नाही आणि आतही दुसरा रंग दिसत नाही तो सगळ्यात वरचा. तो मनातल्या मनात उचला, उरलेल्यांत पुन्हा अखंड कड शोधा. दिशा त्यानंतर ठरवा. मुलं बहुधा उलट करतात आणि दुसऱ्या चौकोनालाच अडकतात.